टीव्हीएस डायोड कोणता टाकू? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी शेतातल्या मोटरचे मोबाईल स्टार्टर, टाकीचे लेव्हल कंट्रोलर असले बोर्ड बनवतो आणि रिपेअरही करतो. दरवर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की जळालेले बोर्ड यायला लागतात आणि त्यासोबत मेसेज पण, की सर इथे कोणता टीव्हीएस टाकू. टीव्हीएस म्हणजे लाईनवर अचानक येणारा जास्त व्होल्टेजचा झटका (सर्ज) स्वतःच्या अंगावर घेऊन मागचा बोर्ड वाचवणारा डायोड. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. बोर्ड जळतो तेव्हा चारशे-पाचशे रुपयांचं सामान जातं हे खरं, पण शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकते ते नुकसान कोणी मोजत नाही, म्हणून हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

टीव्हीएस म्हणजे नक्की काय? त्याऐवजी झेनर टाकला तर चालत नाही का?

आतून दोघं भाऊभाऊच, दोन्ही ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेले की उलट्या दिशेने करंट सोडतात. फरक कामाचा आहे. झेनर थोडासा करंट सतत घेऊन व्होल्टेज स्थिर ठेवायला बनवलेला असतो, तर टीव्हीएसमध्ये जंक्शनचा एरिया मोठा असतो आणि तो एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात दहा, वीस, शंभर अँपिअर अंगावर घ्यायला बनवलेला असतो. अर्ध्या वॅटचा झेनर सप्लायच्या तोंडावर लावला तर पहिल्याच मोठ्या सर्जला जातो. कधी ओपन होऊन जातो, आणि मग बोर्डाला संरक्षण उरलेलं नाही हे बाहेरून कळतही नाही.

डेटाशीटमध्ये इतके आकडे असतात, त्यातले बघायचे कोणते?

तीन व्होल्टेज आणि एक करंट, एवढं समजलं की ऐंशी टक्के काम झालं. उदाहरणाला एसएमबीजे२४ए हा टीव्हीएस घेऊया. याचं स्टँडऑफ व्होल्टेज २४, म्हणजे २४ पर्यंत तो गप्प बसतो, नुसता मायक्रोअँपिअरमध्ये लीकेज. ब्रेकडाउन व्होल्टेज २६.७ ते २९.५, म्हणजे १ मिलिअँपिअर वाहायला लागतो ते इथे कुठेतरी, प्रत्येक पीसचं थोडं वेगळं. आणि क्लॅम्पिंग व्होल्टेज ३८.९, म्हणजे साधारण १५.४ अँपिअरचा पूर्ण सर्ज येतो तेव्हा त्याच्या दोन टोकांवर प्रत्यक्षात ३८.९ व्होल्ट दिसतात. बहुतेक लोक पहिला आकडा बघून पार्ट घेतात आणि तिसरा बघतच नाहीत, पण तुमच्या चिपला सर्जच्या वेळी झेलायचा असतो तो तिसराच आकडा.

माझं सर्किट १२ व्होल्टचं आहे, मग १२ नंबरचाच टीव्हीएस घ्यायचा ना?

सरसकट नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्या लॉटमध्ये मी १२ व्होल्ट बॅटरीच्या लाईनवर एसएमबीजे१२ए टाकले होते. आता लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टला जाते आणि एसएमबीजे१२ए चं ब्रेकडाउन सुरू होतं १३.३ पासून. म्हणजे रोज चार्जिंग चालू झालं की टीव्हीएस कंडक्ट करायला लागायचा, तापायचा, आणि महिना-दोन महिन्यांत शॉर्ट होऊन फ्यूज उडायचा. वीज नाही, सर्ज नाही, आणि बोर्ड बंद. शेतकऱ्यांना दोनदा-तीनदा फेऱ्या पडल्या, ते अजून डोक्यात आहे.

तेव्हा नियम असा, की लाईनवर सतत येऊ शकणारं जास्तीत जास्त व्होल्टेज शोधा आणि स्टँडऑफ त्याच्या वर घ्या. १२ च्या बॅटरीला १५ किंवा १८ नंबर. २४ च्या एसएमपीएसला (मेनवरून डीसी बनवणारा स्विचिंग सप्लाय) २४ नंबर चालतो, पण कोणीतरी ट्रिमपॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून तो २७-२८ वर नेऊन ठेवलेला नाही हे मीटरने बघा. आणि दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर चार्जिंगला २८.८ होतात, तिथे २४ नंबर हमखास जळणार, ३० नंबर घ्या.

मग सरळ मोठा नंबरच टाकतो, म्हणजे जळायची भीतीच नको?

टीव्हीएस जळणार नाही, पण मागची चिप जळेल. एलएम२५९६ घ्या, आपल्याकडे निम्म्या बोर्डांवर हाच रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप) असतो, तो इनपुटला ४० व्होल्टपर्यंत चालवायचा आणि ४५ ही त्याची शेवटची मर्यादा. एसएमबीजे२४ए पूर्ण सर्जला ३८.९ वर धरतो, म्हणजे जमलं. एसएमबीजे३३ए टाकला तर तो ५३.३ वर धरतो, म्हणजे टीव्हीएस आपलं काम अगदी बरोबर करतोय आणि तरी रेग्युलेटर मेला. वर सांगितलेल्या २८.८ वाल्या केसमध्ये ३० नंबरचा टीव्हीएस ४८.४ ला क्लॅम्प करतो, तिथे एलएम२५९६ बसतच नाही, ६० व्होल्टवाला एलएम२५७६एचव्ही घ्यावा लागतो. म्हणजे आधी बोर्ड बनवून शेवटी टीव्हीएस शोधायचा असं नसतं, रेग्युलेटर आणि टीव्हीएस ही जोडी एकदमच ठरवायची असते.

छोट्या व्होल्टेजला तर हे अजून अवघड होतं. सिम८०० सारख्या जीएसएम मोड्यूलचा सप्लाय ३.४ ते ४.४ व्होल्ट असतो आणि लोक त्याच्यावर एसएमबीजे५.०ए लावून मोकळे होतात. तो कंडक्ट करायला लागतो ६.४ नंतर आणि पूर्ण सर्जला ९.२ दाखवतो. मोड्यूलला त्याचा काही उपयोग नाही. तिथे सर्ज अलीकडेच, १२ व्होल्टच्या बाजूला थांबवायचा, आणि मोड्यूलच्या अगदी शेजारी ५.१ व्होल्टचा झेनर आणि चांगला मोठा कपॅसिटर ठेवायचा. वर झेनर नको म्हटलं ते सप्लायच्या तोंडासाठी, इथे मागे उरलेला छोटा स्पाईक आवरायला तो चालतो.

क्लॅम्पिंग व्होल्टेज नेहमी तेवढंच येतं का?

नाही, करंटवर अवलंबून आहे, आणि कधीकधी हेच आपल्या फायद्याचं असतं. एसएमबीजे२४ए मध्ये २९.५ पासून ३८.९ पर्यंत जायला १५.४ अँपिअर लागले, म्हणजे आतला रेझिस्टन्स साधारण ०.६ ओहम झाला. तुमच्या लाईनवर ५ अँपिअरचाच सर्ज येणार असेल तर २९.५ अधिक ३, म्हणजे साडेबत्तीस व्होल्टच्या आसपास. म्हणून टीव्हीएसच्या आधी छोटा सिरीज रेझिस्टर किंवा इंडक्टर ठेवला की करंट कमी होतो, आणि क्लॅम्पिंगही खाली येतं. करंट फार लागत नसेल त्या लाईनवर ४.७ किंवा १० ओहमचा रेझिस्टर टाका, वायरवाऊंड किंवा पल्स सहन करणारा, साधा चिप रेझिस्टर सर्जला तडकतो.

पी६केई१८ए आणि एसएमबीजे१८ए एकच ना? दुकानदार म्हणाला फक्त पॅकेज वेगळं.

एक नाहीत. एसएमबीजे, एसएमएजे, एसएमसीजे यांच्या नावातला आकडा स्टँडऑफचा असतो, आणि पी६केई, १.५केई यांच्या नावातला आकडा ब्रेकडाउनचा. त्यामुळे पी६केई१८ए चं स्टँडऑफ फक्त १५.३ आहे, आणि जवळचा जोडीदार शोधायचा तर तो एसएमबीजे१५ए निघतो. शेवटचा ए म्हणजे पाच टक्के टॉलरन्स, सीए म्हणजे पाच टक्के आणि बायडायरेक्शनल, म्हणजे दोन्ही दिशांनी क्लॅम्प करणारा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला नुसतं अठराचा द्या म्हणाल तर काहीही हातात पडेल, पूर्ण नंबर कागदावर लिहून न्या.

४००, ६००, १५०० वॅट यातलं किती घ्यायचं?

एसएमएजे ४००, एसएमबीजे आणि पी६केई ६००, एसएमसीजे आणि १.५केई १५०० वॅट. पण हे वॅट १०/१००० च्या पल्ससाठी आहेत, म्हणजे दहा मायक्रोसेकंदात करंट टोकाला आणि हजार मायक्रोसेकंदाला निम्म्यावर. सतत करंट दिला तर ६०० वॅटवाला एक-दोन वॅटलाच हात भाजेल इतका तापतो. उलट पल्स छोटा असेल तर तोच जास्त झेलतो, ८/२० मायक्रोसेकंदाच्या पल्सला ६०० वॅटवाला साधारण ४००० वॅट घेतो.

हिशोब करून बघू. सर्ज टेस्टचं आयईसी ६१०००-४-५ हे जे स्टँडर्ड आहे त्यात सिग्नलच्या वायरवर ४२ ओहममधून सर्ज देतात. १००० व्होल्ट दिले तर १००० वजा ३९ भागिले ४२, म्हणजे २३ अँपिअर. एसएमबीजे२४ए ८/२० ला शंभरच्या आसपास घेऊ शकतो, म्हणजे आरामात पास. पण पॉवर लाईनवर दोन वायरींच्या मध्ये सर्ज देतात तेव्हा सोर्स फक्त २ ओहमचा असतो, तेच १००० व्होल्ट दिले तर ४८० अँपिअर होतात आणि एसएमबीजेचे तुकडे सापडतात. पार्ट तोच, व्होल्टेज तेच, फरक फक्त मागच्या ओहमचा. म्हणून मला कोणी किती वॅटचा टाकू विचारलं की मी आधी विचारतो, वायर कुठून येते आणि किती लांब आहे?

अजून एक, गरमीचा विचार करा. पत्र्याच्या स्टार्टर पेटीत मे महिन्याच्या उन्हात आत सहज ६०-७० डिग्री होतं. २५ डिग्रीला पूर्ण आणि १५० ला शून्य अशी सरळ रेषा काढली तर ७५ डिग्रीला ताकद ६० टक्केच उरते. त्यामुळे जिथे हिशोबाने ४०० पुरतो तिथे मी ६०० टाकतो, किमतीत फरक दोन-चार रुपयांचा असतो.

२३० व्होल्टच्या मेन लाईनवर टीव्हीएस टाकू का?

तिथे पहिलं काम एमओव्हीचं, म्हणजे व्होल्टेज वाढलं की करंट सोडणाऱ्या गोल चकतीसारख्या पार्टचं. एमओव्ही स्वस्त असतो, हजारो अँपिअर घेतो, पण सैल क्लॅम्प करतो आणि प्रत्येक सर्जला थोडा थोडा झिजतो. टीव्हीएस नेमका क्लॅम्प करतो, झिजत नाही, पण एवढा करंट घेऊ शकत नाही. म्हणून मेनवर आधी फ्यूज, मग एमओव्ही, आणि एसएमपीएसच्या पुढे डीसी बाजूला टीव्हीएस.

गावाकडे १४डी४७१ लावू नका. तो ३०० व्होल्ट एसीचा असतो, आणि डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजला साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात, सर्ज नसतानाही एमओव्ही पेटतो. मी ६८१ वापरतो, ४२० व्होल्ट एसीचा. क्लॅम्पिंग जरा वर जातं, पण मागे ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला एसएमपीएस असेल तर ते निभावतं. एमओव्हीवर स्लीव्ह घाला आणि फ्यूज त्याच्या आधीच पाहिजे, मागे ठेवला तर काही अर्थ नाही.

युनिडायरेक्शनल की बायडायरेक्शनल?

डीसी सप्लायला युनि, पट्टी प्लसकडे. एक फायदा असा की कोणी बॅटरी उलटी जोडली तर तो साध्या डायोडसारखा कंडक्ट करतो आणि फ्यूज उडतो, बोर्ड वाचतो. अर्थात फ्यूज असेल तरच. सिग्नल प्लस-मायनस दोन्हीकडे जात असेल तर बाय.

टाकीपासून मोटरपर्यंत ३०० मीटर वायर आहे, आरएस४८५ वर (दोन वायरींच्या बसवरून डेटा पाठवायची पद्धत). दर पावसाळ्यात त्याची मॅक्स४८५ चिप जाते. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. जवळपास वीज पडली की लांब वायरमध्ये व्होल्टेज तयार होतं, वीज थेट वायरवर पडली नसली तरी. शिवाय टाकीजवळची जमीन आणि विहिरीजवळची जमीन काही क्षणासाठी वेगवेगळ्या व्होल्टेजवर जातात आणि तो सगळा फरक तुमच्या छोट्याशा चिपवर येतो.

आरएस४८५ साठी एसएम७१२ नावाचा टीव्हीएस मिळतो, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला ७ व्होल्ट, कारण या बसची रेंजच उणे ७ ते अधिक १२ आहे. तो टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. मॅक्स४८५ च्या बस पिनची मर्यादा उणे ८ ते अधिक १२.५ आहे, आणि एसएम७१२ सर्जला वीसच्या वर जातो. मधलं अंतर भरायला त्याच्या आणि चिपच्या मध्ये प्रत्येक वायरला १० ओहम ठेवा. जमलं तर चिपच बदला, एसएन६५एचव्हीडी१७८१ त्याच पिनांवर बसतो आणि बसवर ७० व्होल्टपर्यंतचा फॉल्ट सहन करतो. किंमत जास्त आहे पण दर पावसाळ्याला ३०० मीटर चालत जाण्यापेक्षा परवडतं.

वायर शेतातून उघडी जात असेल तर सगळ्यात बाहेर ९० व्होल्टची तीन टोकांची गॅस डिस्चार्ज ट्यूब, मग रेझिस्टर, मग एसएम७१२, मग पुन्हा छोटा रेझिस्टर, मग चिप. ट्यूब खूप करंट घेते पण उठायला वेळ लावते, टीव्हीएस लगेच उठतो पण दम कमी. दोघांच्या मधला रेझिस्टर काढला तर टीव्हीएस व्होल्टेज दाबून धरतो आणि ट्यूब कधी पेटतच नाही, सगळा भार टीव्हीएसवर येऊन तो जातो. आणि ट्यूबचं तिसरं टोक खऱ्या अर्थिंगला, पेटीच्या पत्र्याला नाही.

यूएसबीवर एसएमबीजे लावला तर मोबाईल डिटेक्टच होत नाही, का?

कपॅसिटन्स. मोठं जंक्शन म्हणजे मोठा कपॅसिटर, कमी व्होल्टेजच्या एसएमबीजेमध्ये हजारो पिकोफॅरड असतात, यूएसबीचा ४८० मेगाबिटचा सिग्नल त्यातच बुडतो. डेटा लाईनला यूएसबीएलसी६-२ सारखा खास पार्ट घ्या, त्यात जास्तीत जास्त साडेतीन पिकोफॅरड. तिथे धोका विजेचा नसतो, माणसाच्या बोटातल्या स्टॅटिकचा असतो.

टीव्हीएस बरोबर निवडलाय, तरी चिप जाते. आता काय?

बोर्डाचा फोटो पाठवा, नव्वद टक्के वेळा जागा चुकलेली असते. स्टॅटिकच्या ८ किलोव्होल्ट टेस्टला पहिला झटका ३० अँपिअरचा असतो आणि तो सुमारे एका नॅनोसेकंदात चढतो. बोर्डावरच्या तांब्याच्या ट्रॅकचं इंडक्टन्स ढोबळ हिशोबाने एका मिलिमीटरला एक नॅनोहेन्री. मुख्य ट्रॅकपासून टीव्हीएसपर्यंत एक सेंटीमीटरची शेपटी काढली असेल तर १० नॅनोहेन्री, आणि तेवढ्यावरच ३०० व्होल्ट तयार होतात. टीव्हीएस बिचारा शेपटीच्या टोकाला दहा व्होल्टवर धरून बसलाय आणि चिपला तीनशेच्या वर दिसतंय.

तेव्हा टीव्हीएस कनेक्टरच्या अगदी जवळ, चिपच्या जवळ नाही. ट्रॅक कनेक्टरवरून निघून टीव्हीएसच्या पॅडवरून गेला पाहिजे आणि मगच पुढे चिपला. ग्राउंडच्या बाजूला एक नाही, तीन-चार व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी छोटी छिद्रं). आणि सर्ज घेऊन येणाऱ्या ट्रॅकच्या शेजारून रीसेटची किंवा क्रिस्टलची लाईन नेऊ नका.

रिलेच्या कॉइलला टीव्हीएस लागतो का?

साध्या रिलेला १एन४००७ डायोड पुरतो. फक्त त्याने रिले सुटायला थोडा उशीर होतो आणि कॉन्टॅक्ट हळू उघडून जास्त ठिणगी पडते, तिथे डायोडच्या सिरीजमध्ये २४ चा टीव्हीएस टाकला की पटकन सुटतो, मात्र ट्रान्झिस्टर तेवढ्या व्होल्टेजचा पाहिजे. कॉन्टॅक्टरची एसी कॉइल असेल तर आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी. आणि छोट्या एसएमपीएसच्या प्रायमरीला जो पी६केई२००ए दिसतो तो सर्जसाठी नाही, प्रत्येक स्विचिंगला ट्रान्सफॉर्मरचा स्पाईक खाण्यासाठी आहे, म्हणून तो गरम लागणारच. बदलताना मात्र तोच नंबर टाका.

ट्रॅक्टर किंवा ट्रकवर ट्रॅकर बसवायचाय, काही वेगळं?

खूप वेगळं. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची वायर निसटली की लोड डंप होतो, म्हणजे लाईनचं व्होल्टेज एकदम उसळतं. आयएसओ १६७५०-२ मध्ये १२ व्होल्टच्या गाडीसाठी त्याची पातळी ७९ ते १०१ व्होल्ट आणि २४ व्होल्टच्या गाडीसाठी १५१ ते २०२ व्होल्ट दिली आहे, आणि तो मायक्रोसेकंद नाही तर ४० ते ४०० मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात एसएमबीजे वितळून जातो. थेट झेलायचा तर एसएम८एस सिरीजसारखे जाड पार्ट लागतात, ६६०० वॅटचे. ट्रॅकर अर्धा अँपिअरही घेत नसेल तर सर्ज खाण्यापेक्षा अडवणं सोपं, सिरीजमध्ये जास्त व्होल्टेजचा मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) ठेवून लाईन तेवढ्यापुरती तोडायची.

बॅटरीवरचं डिव्हाइस लवकर उतरतं, टीव्हीएसमुळे असेल का?

५ व्होल्टच्या लाईनवर असेल तर शक्य आहे. एसएमबीजे५.०ए चा लीकेज डेटाशीटमध्ये ८०० मायक्रोअँपिअरपर्यंत दिलाय, म्हणजे दिवसाला १९ मिलिअँपिअर-तास. दहाच्या वरचे नंबर काही मायक्रोअँपिअरच घेतात.

टीव्हीएस गेलाय हे कसं ओळखायचं?

मीटर डायोड मोडवर. युनि असेल तर एका बाजूने ०.५ ते ०.७, उलट बाजूने काही नाही, म्हणजे मीटर ओपन (ओएल) दाखवतो. बाय असेल तर दोन्हीकडून काही नाही. दोन्हीकडून शून्य म्हणजे शॉर्ट. टीव्हीएस बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो, आणि तो शॉर्ट झाला म्हणजे त्याने अंगावर घेतलं, मागचा बोर्ड बहुधा जिवंत असतो. त्याला काढून टाकून तसाच बोर्ड परत देऊ नका, पुढचा सर्ज सरळ आत जाईल.

नवीन माल तपासायचा असेल तर ३५-४० व्होल्टचा सप्लाय १० के रेझिस्टरमधून द्या आणि टीव्हीएसवर मीटर लावा. २४ नंबरला २६.७ ते २९.५ च्या मध्ये काहीतरी दिसलं पाहिजे. यात वॅट कळत नाहीत, पण चुकीचा छाप मारलेला माल लगेच पकडला जातो.

तुमच्या डब्यात कोणते कायम असतात?

१२ च्या बॅटरीसाठी एसएमबीजे१८ए, २४ च्या एसएमपीएससाठी एसएमबीजे२४ए, आरएस४८५ साठी एसएम७१२, यूएसबीसाठी यूएसबीएलसी६-२, आणि रिपेअरला पी६केई२००ए. सोबत ६८१ चे एमओव्ही आणि ९० व्होल्टच्या ट्यूब. यंदा एप्रिलच्या आतच मागवून ठेवा, मे उजाडला की दुकानात १८ए आधी संपतो.